लॉर्डसाहेबांची मावशी आणि वारसाची तारीख

आम्ही खर्ड्याहून बोलतोय. आज विषय जरा वेगळा आहे, रहस्यकथांचा.

घरातल्या जुन्या माणसांना बाबूराव अर्नाळकर हे नाव विचारून बघा. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत राहून त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची माणसं. पुस्तक पातळ, किंमत कमी, एका बैठकीत संपणारं. वाचायची गोडी याच पुस्तकांनी लावली असं सांगणारे आजही भेटतात. 1996 साली ते गेले. मोठ्या साहित्यिकांच्या पंगतीत त्यांना पाट मिळाला नाही, हे काही आम्हाला पटत नाही.

अशा कथांचा साचा इंग्लंडातला. पहिल्या महायुद्धानंतर तिथं एक प्रकार फार चालला. गुन्हा शोधणारा पोलीस नाही, हौशी माणूस, आणि तोही बड्या घराण्यातला. त्यातला गाजलेला म्हणजे लॉर्ड पीटर विम्झी. त्याची पहिली कादंबरी 1923 सालची. खर्ड्यात सरदार म्हटलं की आपल्याला निंबाळकरांचा वाडा आठवतो, किल्ला आठवतो, 1795 ची मराठे आणि निजामाची लढाई आठवते. हा गोष्टीतला सरदारही युद्धावर जाऊन आलेला, मनानं खचलेला. पैसा भरपूर, काम काही नाही, म्हणून गुन्ह्यांच्या मागं लागला.

त्याला जन्म दिला एका बाईनं. डोरोथी सेयर्स. 1915 साली ऑक्सफर्डचं शिक्षण पहिल्या वर्गात संपवलं, पण बाईला पदवी द्यायची तिथं तेव्हा पद्धतच नव्हती. पदवी हातात पडली 1920 साली. पुढं जाहिरात कंपनीत नोकरी केली. हातात पैसा नव्हता, तेव्हा आपल्या लॉर्डला भारी घर आणि महागडी मोटार देऊन आपण मनाची हौस भागवली, असं तिनंच नंतर सांगितलं. स्वतःची खोली मात्र साधीच होती.

आम्हाला आवडली ती तिची 1927 सालची कादंबरी, 'अननॅचरल डेथ'. एका गावात एक आजारी म्हातारी डॉक्टरांच्या अंदाजाआधीच वारते. पुरावा काही नाही. लॉर्डसाहेब त्या गावात पाठवतात मिस क्लिम्पसन नावाच्या प्रौढ, बिनलग्नाच्या बाईला. ती खोली भाड्यानं घेते, चर्चमध्ये जाते, चहाला बसते, आणि ऐकते. साहेबांचं म्हणणं असं, की जे प्रश्न पुरुषानं विचारले तर लोक सावध होतात, तेच विणकाम करणाऱ्या मावशीनं विचारले तर कुणाला शंकाही येत नाही. या कामाचा तिला पगार मिळतो. आपल्याकडं याच गुणाला चोंबडेपणा म्हणतात.

आता खुनाचं कारण ऐका. इंग्लंडात वारसाचा नवा कायदा झाला, तो 1 जानेवारी 1926 पासून लागू. मृत्युपत्र न करता म्हातारी त्या दिवसानंतर गेली असती, तर तिच्याजवळ राहणाऱ्या नातीला, म्हणजे तिच्या बहिणीच्या नातीला, काहीच मिळालं नसतं. सगळं सरकारजमा. आणि म्हातारी तर मरणाचं नाव काढलं तरी चिडायची, मृत्युपत्राला हातच लावू देईना. सगळी इस्टेट नातीलाच जावी असं मनात असूनसुद्धा! मग ती 1925 च्या नोव्हेंबरातच जाते.

एका तारखेवर वाटा ठरतो, हे आपल्यालाही नवं नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलीला वाटा होता, पण वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा जन्मानं हक्क नव्हता. महाराष्ट्रानं तो 22 जून 1994 पासून दिला, पण त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. म्हणजे सख्ख्या दोन बहिणी, एकीचं लग्न मे महिन्यात, दुसरीचं दिवाळीनंतर. थोरली बाहेर, धाकटी आत. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या कायद्यानं लग्न झालेल्या मुलींनाही आत घेतलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र पुन्हा उघडत नाही. बाप 2005 साली हयात असायलाच हवा का, यावर पुढं बरीच वर्षं वाद चालला. हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं.

कायदा झाला, तरी हक्कसोडपत्र आहेच. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. तिनं राजीखुशीनं केली तर तिचा प्रश्न. पण कशावर सही केली हेच माहीत नसलेल्या बायका आमच्या गटांत आहेत. वाटणीच्या तारखा त्यांना कुणी सांगत नाही, आणि त्या विचारायच्या कुणाला हेही माहीत नसतं.

तिथं मिस क्लिम्पसन व्हावं लागतं. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. तो घेऊन तलाठ्याकडं गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवहीची नक्कल मागायची. नाव कधी लागलं, कधी कमी झालं, कोणत्या कागदावरून, ते त्यात लिहिलेलं असतं. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडं माहेरच्या जमिनीचा सातबारा असेल त्यांनी तो घेऊन या. जुना असला तरी चालेल, आणि चष्मा विसरू नका.