खोताची वाडी : गल्लीला ‘वारसा’ म्हणतो तेव्हा

मंडळी, आज किल्ले नाहीत, लेणी नाहीत. आज आपल्याला जायचंय गिरगावात, खोताच्या वाडीत. गाडी आत शिरणार नाही इतकी अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना कौलारू छपरांची घरं, लाकडी ओसऱ्या, बाहेरून वर जाणारे जिने. आता प्रश्न असा की, इथे ना राजा राहिला ना लढाई झाली. मग याला ऐतिहासिक का म्हणायचं?

सुरुवात नावापासून करू. खोत म्हणजे सारा वसूल करणारा. पाठारे प्रभू समाजातल्या खोतांची ही जमीन. तिचे तुकडे प्रामुख्याने ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेतले आणि घरं बांधली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसई भागातले मूळचे ख्रिस्ती. त्यांची मायबोली मराठीच. गोवा-मंगळूरकडून येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव घेतलं. लोक या घरांना सर्रास ‘पोर्तुगीज’ म्हणतात. पण मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे गेली ती सतराव्या शतकात, आणि ही घरं त्यानंतर खूप उशिरा उभी राहिली. तेव्हा पोर्तुगीज वळण म्हणा हवं तर, पोर्तुगीज अंमल नव्हे. प्रभूंची जमीन, ख्रिस्ती घरं, इंग्रजी अंमल, मराठी बोली. हा इतिहास कुठल्याही एका घरात सापडत नाही, तो सगळ्या गल्लीत मिळून आहे.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियम लागू झाले. त्यात इमारतींच्या श्रेणी ठरल्या. पण महत्त्वाची गोष्ट अशी की, इमारतींबरोबर ‘वारसा परिसर’ ही कल्पनाही कायद्यात आली. म्हणजे एकेक घर साधं असेल, पण घरांची उंची, मधली जागा, ओसरीतून रस्त्याशी असलेलं नातं, हे सगळं मिळून जपण्याजोगं आहे. खोताची वाडी अशा परिसरांपैकी एक. तिथे बदल करायचा तर महापालिका आयुक्तांची परवानगी, आणि वारसा समितीचा सल्ला.

इथपर्यंत ऐकायला छान वाटतं. पण आता ओसरीत बसलेल्या मालकाच्या जागी बसून बघा. लाकूड कुजतंय, कौलं गळतायत. कायदा त्याला ‘पाडू नको’ म्हणतो, पण सुताराचे पैसे देत नाही. मुलं उपनगरात नाहीतर परदेशात. शेजारी बिल्डर उभा. त्याने घर विकलं तर आपण त्याला दोष देणार का? मला ते जमत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती असं सांगतात, आज तिसाहूनही कमी उरलीत. एक घर पडून तिथे उंच इमारत आली की शेजाऱ्याचा उजेड जातो, वारा जातो. शिवाय पुढचा माणूस म्हणतो, ‘आता राहिलंय काय जपायला?’ म्हणजे प्रत्येक पडलेलं घर उरलेल्यांची बाजू लंगडी करतं.

२०१२ साली वारसा यादी वाढवायचा प्रस्ताव आला, त्यात शिवाजी पार्कचा परिसरही होता. तिथल्या अनेक रहिवाशांनीच विरोध केला. पुनर्विकास अडकेल, ही भीती. त्यांना इतिहासाचं प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. वारसा म्हणजे आपल्या डोक्यावरचा भुर्दंड, असा त्यांचा समज झाला होता, आणि तो समज निराधार नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. परिसर जपल्याचा आनंद सगळ्या शहराला मिळतो, तर खर्च एका घरमालकाने का सोसायचा? नियमांत हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची, तरतूद आहे. पण टीडीआर कागदावर मिळतो, आणि गळकं छप्पर याच पावसाळ्यात दुरुस्त करावं लागतं. घोषणेबरोबर दुरुस्तीचा निधी हवा, जुन्या पद्धतीचं काम जाणणारे सुतार हवेत, आणि निर्णयाच्या बैठकीत रहिवाशाला खुर्ची हवी. नाहीतर पाटी राहील, वाडी जाईल.

पुढच्या वेळी गिरगावात गेलात तर वाडीत जरूर जा. पण हळू बोला, फोटो विचारून काढा. तिथे अजून माणसं राहतात, आणि खरा वारसा तोच आहे.