थंडीतले यंत्रमानव : शीतगोदामांची ओळख



दिवाळीच्या आदल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या आपल्या घरांत काय गडबड असते ते वेगळे सांगायला नको. कामावरून उशिरा घरी यायचे, मुलांना झोपवायचे आणि रात्री अकराला संगणकासमोर बसून सामान मागवायचे. चार लिटर दूध, लोणी, क्रीम, गोठवलेले मटार, मुलांसाठी आईस्क्रीम. दुसऱ्या दिवशी दारात पिशव्या हजर. दूध गार, मटार खडखडीत.

मधल्या काही तासांत हे सामान कोणी शोधले, कोणी उचलले? आता बऱ्याचदा याचे उत्तर 'यंत्रमानवाने' असे असते. हा यंत्रमानव सिनेमातल्यासारखा दोन पायांवर चालणारा नाही. तो धुलाईयंत्राएवढा, चाकांवर धावणारा एक डबा आहे. मंडळातल्या काहीजणांची पोटापाण्याची कामे या क्षेत्रात आहेत आणि गिऱ्हाईक तर आपण सगळेच आहोत. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर ओळख.

थंडी म्हणजे नेमकी किती?

'थंड ठेवणे' ही एक गोष्ट नाही. प्रत्येक मालाचे तापमान ठरलेले असते.

- आंबा, केळी : साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअस. याहून गार केल्यास साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही.
- लसी आणि पुष्कळशी औषधे : २ ते ८ अंश.
- दूध, दही, पनीर, मांस : इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे ८ अंश किंवा त्याखाली. व्यवहारात ५ अंशांच्या आत ठेवतात.
- गोठवलेले पदार्थ : उणे १८ किंवा त्याखाली.
- वैद्यकीय संशोधनाचे नमुने : उणे ८० आणि त्याहूनही खाली.

कारखाना, गोदाम, ट्रक, दुकान आणि घर ही एक साखळी आहे. तिला शीतसाखळी म्हणतात. तिची एक कडी तुटली तरी पुढच्या सगळ्या कड्यांची मेहनत वाया जाते, कारण एकदा वाढलेले जंतू पुन्हा थंड केल्याने मरत नाहीत. ते फक्त थांबतात.

थोडा इतिहास

१८३३ साली बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्याला आला. पुढे मुंबईतही त्यासाठी बर्फघर उभे राहिले. तेव्हा थंडी तयार करता येत नव्हती, फक्त वाहून आणता येत होती.

हे चित्र पुढच्या पन्नास वर्षांत पालटले. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी अमोनिया वापरून थंडी निर्माण करणारी यंत्रे बनवली आणि १८७९ मध्ये त्यांची कंपनी काढली. फेब्रुवारी १८८२ मध्ये 'डनेडिन' नावाचे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन निघाले आणि मे महिन्यात लंडनला पोहोचले. विषुववृत्त ओलांडून, तीन महिन्यांहून अधिक प्रवास करूनही मांस चांगले राहिले. दूर देशीचे अन्न रोजच्या ताटात येण्याची सुरुवात तिथून झाली, असे म्हणायला हरकत नाही.

उंच मांडण्यांचे गोदाम

पूर्वीच्या शीतगोदामात माणसे जाड कपडे घालून, फोर्कलिफ्ट चालवत उणे २० अंशांत काम करत. आजही अनेक ठिकाणी करतात. बोटे बधिर होतात, चष्म्यावर वाफ धरते, जमिनीवर बर्फाचा पापुद्रा जमून घसरायला होते. ठराविक वेळाने ऊब घ्यायला बाहेर यावेच लागते.

यावर पहिला उपाय निघाला तो उंच मांडण्या आणि रुळावरची क्रेन. दोन मांडण्यांमधल्या अरुंद बोळात रूळ असतो. त्यावर एक उंच खांब पुढेमागे धावतो आणि खांबावरचा पाळणा वरखाली होतो. संगणक सांगेल त्या कप्प्यातून तो मालाचे अख्खे पॅलेट काढून आणतो. यॉर्कशायरमधल्या वेकफिल्ड येथे न्यूकोल्ड या डच कंपनीचे असे गोदाम आहे. त्यात लाखाहून अधिक पॅलेट मावतात.

अशा इमारतीत मांडण्यांचा सांगाडा हाच इमारतीचा सांगाडा असतो. छत आणि भिंती त्यालाच जोडतात. उंच बांधण्यात मोठा फायदा आहे. उष्णता भिंती आणि छतातून आत येते. तेवढाच माल पसरट गोदामात ठेवला तर छत अवाढव्य होते आणि विजेचे बिलही. शिवाय यंत्राला दिवे लागत नाहीत, आणि दिवा म्हणजे आत आणलेली उष्णताच.

पेट्यांचे पोळे

अख्खे पॅलेट काढायला क्रेन ठीक. पण घरगुती मागणीत एक दुधाचा कॅन, दोन दह्याची भांडी आणि एक कोथिंबिरीची जुडी असते. इथे दुसरी युक्ती लागते.

ती नॉर्वेतल्या ऑटोस्टोअर या कंपनीने प्रथम रूढ केली. कंपनीची सुरुवात १९९६ सालची. कल्पना साधी आहे. मांडण्या आणि बोळ काढून टाका. पेट्या एकीवर एक रचा आणि असे रकाने एकमेकांना खेटून उभे करा. वर बुद्धिबळाच्या पटासारखी रुळांची जाळी टाका. यंत्रमानव त्या जाळीवर धावतात, हव्या त्या चौकोनावर थांबतात, पट्टे खाली सोडतात आणि पेटी वर ओढतात.

ब्रिटनमध्ये ओकाडो या किराणा कंपनीने अशीच जाळीची पद्धत उभी केली. हॅम्पशायरमधल्या अँडोव्हरचे केंद्र २०१६ च्या अखेरीस आणि लंडनजवळच्या एरिथचे २०१८ मध्ये सुरू झाले. यंत्रमानव सेकंदाला ४ मीटरपर्यंत वेगाने एकमेकांच्या अगदी जवळून जातात आणि मध्यवर्ती संगणक सेकंदाला अनेकदा त्यांच्याशी बोलतो. पन्नासएक वस्तूंची मागणी काही मिनिटांत गोळा होते. दोन कंपन्यांमध्ये पेटंटवरून मोठी कोर्टबाजीही झाली. जुलै २०२३ मध्ये तडजोड झाली आणि ऑटोस्टोअरने ओकाडोला २० कोटी पौंड देण्याचे मान्य केले.

तुम्ही विचाराल, हवी असलेली पेटी तळाशी असली तर? मग वरच्या पेट्या आधी काढून शेजारच्या रकान्यांवर ठेवाव्या लागतात. आपल्याकडे डब्यांच्या उतरंडीतला खालचा डबा काढताना करतो तसेच. पण गंमत अशी, की रोज लागणारी पेटी वापरून झाली की वरच ठेवली जाते. त्यामुळे दूध-पाव आपोआप वर राहतात आणि क्वचित लागणारा माल तळाशी जातो. आईच्या फडताळात पोह्यांचा डबा पुढे आणि भाजणीचा मागे असायचा, त्याचेच हे गणित!

पेटी वर आली की ती वेचणीच्या जागी जाते. तिथे बहुधा माणूस असतो. हल्ली शोषून धरणारे यांत्रिक हातही आले आहेत. ओकाडोच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या ल्यूटन केंद्रात ते वापरले जातात. पण खोके उचलणे यंत्राला जमते तसे जाळीच्या पिशवीतले कांदे किंवा केळीचा घड सहज जमत नाही. आपण न बघता करतो ती गोष्ट यंत्राला सर्वांत अवघड जाते.

यंत्रांनाही हुडहुडी भरते

यंत्राला थंडी वाजत नाही हे अर्धसत्य आहे. थंडीत वंगण घट्ट होते, रबर कडक होते आणि बॅटरीची ताकद घटते. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर तिच्या आत धातूचा थर जमून ती कायमची बिघडू शकते.

पण खरा शत्रू थंडी नसून दमट हवा. फ्रीजमधून काढलेल्या पेल्याला घाम फुटतो, तसाच गोठणघरातून बाहेर आलेल्या यंत्राला फुटतो. ते पाणी वायरींत शिरते आणि यंत्र परत आत गेले की गोठते. सेन्सरवर बर्फ जमला की यंत्र आंधळे होते. म्हणून दारांना दोन दरवाज्यांची खोली असते, आतली हवा कोरडी ठेवतात आणि यंत्रे शक्यतो आतच राहू देतात. एक नवी रचना अशी, की पेट्या खाली गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली ठेवायच्या आणि यंत्रमानव वर शून्याच्या थोड्या वरच्या तापमानात धावू द्यायचे. थंड हवा जड असल्याने ती खालीच बसते.

आणखी एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. गोठणघराच्या जमिनीखाली उष्णता द्यावी लागते! नाहीतर वर्षानुवर्षांच्या थंडीने खालच्या मातीतले पाणी गोठते, फुगते आणि फरशी वर उचलते. चाळीस मीटर उंच मांडणीच्या पायथ्याशी असे झाले तर काय होईल ते सांगायला नको.

आग : बर्फघरातला धोका

थंड जागी आग कशी लागेल? पण लागते, आणि ती फार वाईट असते. कोरडी हवा, पुठ्ठे, प्लॅस्टिक आणि भिंतींतला ज्वलनशील अवरोधक फोम अशी सगळी सामग्री तिथे तयारच असते.

५ फेब्रुवारी २०१९ रोजी अँडोव्हरच्या केंद्रात एका यंत्रमानवाच्या चार्जिंगच्या जागी विजेच्या बिघाडातून आग लागली. दाट रचलेल्या पेट्यांत पाणी पोहोचवणे अवघड झाले. शीतकरणाच्या अमोनियामुळे स्फोट होण्याची भीती होती, म्हणून आसपासच्या रहिवाशांना घराबाहेर काढावे लागले. आग कित्येक दिवस धुमसली आणि केंद्र नष्ट झाले. ते नव्याने बांधून २०२१ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी १६ जुलैला एरिथला तीन यंत्रमानव एकमेकांवर आदळून आग लागली. या वेळी नुकसान जाळीच्या लहानशा भागापुरते राहिले आणि काम काही दिवसांत पूर्ववत सुरू झाले.

काही उंच गोठणघरांत यावर वेगळा उपाय करतात. हवेत एरवी सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. आत नायट्रोजन सोडून तो सोळा-सतरा टक्क्यांवर आणतात. तेवढ्यात पुठ्ठा सहजासहजी पेट घेत नाही. आत माणसांचा सतत वावर नसल्यामुळेच हे शक्य होते. दुरुस्तीला जाणाऱ्यांची मात्र आधी वैद्यकीय तपासणी करतात.

माणसांचे काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. उणे २० अंशांत आठ तास खोकी उचलण्याचे काम गेले म्हणून कोणाला वाईट वाटू नये. पण त्या कामावर ज्याचे घर चालत होते त्याचे काय? २०२३ मध्ये ओकाडोने हॅटफील्डचे आपले सर्वांत जुने केंद्र बंद केले तेव्हा सुमारे २,३०० नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. काहींची सोय दुसऱ्या केंद्रांत झाली, सगळ्यांची नाही. गोदामांत नव्याने आलेले परदेशी लोक मोठ्या संख्येने काम करतात. या देशात पाय रोवण्याची ती अनेकांची पहिली पायरी होती. आपल्यातल्या काहींनीही शिकत असताना अशा रात्रपाळ्या केल्या आहेत.

नवी कामे येतात ती दुरुस्तीची, विद्युत नियंत्रणाची आणि संगणक प्रणालीची. ती शिकायला वेळ आणि पैसा लागतो. ज्याची नोकरी गेली त्यालाच ती मिळतात असे नाही.

उलट बाजूही पाहू. यंत्रे आली म्हणजे धंदा जमलाच असेही नाही. अमेरिकेतल्या क्रोगर या किराणा कंपनीने २०१८ मध्ये ओकाडोशी करार करून अशी केंद्रे उभारली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांतली तीन बंद करण्याचे जाहीर केले. एवढ्या महागड्या यंत्रणेला दिवसरात्र पुरेसे काम लागते. मागण्या कमी आल्या तर यंत्र उभे राहते, पण कर्ज उभे राहत नाही.

उणे ८० अंशांतला कपाटदार

माणसाला शक्यच नाही अशा जागी मात्र यंत्राला पर्याय नाही. 'यूके बायोबँक' या प्रकल्पात २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांनी स्वेच्छेने रक्त आणि लघवीचे नमुने दिले. त्यांच्या सुमारे एक कोटी लहान नळ्या मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्ट येथे उणे ८० अंशांत ठेवल्या गेल्या. प्रत्येक नळीवर सांकेतिक खूण असते. संशोधकाने मागितलेली नेमकी नळी यंत्रमानव काढतो आणि शेजारच्या नळ्या वितळू देत नाही. माणसाने दार उघडून शोधाशोध केली असती तर प्रत्येक वेळी शेकडो नमुन्यांना ऊब लागली असती. मधुमेह, हृदयविकार आणि स्मृतिभ्रंशावरचे कितीतरी संशोधन या नळ्यांच्या आधारे चालते.

आपल्या घरापुरते

शीतसाखळीची शेवटची कडी आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिथे यंत्रमानव नाही, आपणच आहोत. म्हणून :

१. फ्रीज ५ अंश किंवा कमी, फ्रीझर उणे १८. आत एक साधा तापमापक ठेवा.
२. मटार किंवा किसलेला नारळ एकच गठ्ठा झाला असेल तर तो वाटेत वितळून पुन्हा गोठलेला असू शकतो. घेताना पाहून घ्या.
३. पिशव्या दारात आल्या की आधी गोठवलेले सामान आत टाका, मग भारतातला फोन घ्या!
४. वीज गेली तर फ्रीझर उघडू नका. भरलेला आणि बंद फ्रीझर साधारण दोन दिवस टिकतो, अर्धा भरलेला एक दिवस.
५. कच्चा हापूस फ्रीजमध्ये ठेवू नका. पेटीतच पिकू द्या, पिकल्यावर हवे तर गार करा.

पुढच्या वेळी खडखडीत मटारांची पिशवी हातात आली की तिच्यामागची ही सगळी यंत्रणा आठवून पाहा. आणि ती पिशवी पावसात जिना चढून दारापर्यंत आणतो तो अजून माणूसच आहे. त्याला दोन शब्द गोड बोला. दिवाळीत असेल तर एक लाडूही द्या.