सोळाव्या वर्षीची परीक्षा आणि नदीकाठची पालं

बरेच दिवस झाले इथे काही लिहिलं नाही. कारण काही विशेष नाही, आळस. पण परवा पुतणीमुळे एक जुनी गोष्ट वर आली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून बसलो.

पुतणी पुण्याहून सुटीला नागापूरला आली होती. हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी, जेवताना ताटाशेजारी तीच. व्हेरॉनिका रॉथ या अमेरिकन लेखिकेची 'डायव्हर्जंट', २०११ सालची. गोष्ट अशी: उद्ध्वस्त झालेलं शिकागो शहर, आणि त्यात उरलेली माणसं स्वभावावरून पाच गटांत वाटलेली. निःस्वार्थी, खरं बोलणारे, शांतताप्रिय, निडर आणि ज्ञानी. सोळाव्या वर्षी प्रत्येकाची परीक्षा होते, तुझा कल कोणता ते सांगतात, मग सगळ्यांसमोर गट निवडायचा. एकदा निवडला की जन्मभर तोच. ज्याचं कुठेच जमलं नाही तो गटाबाहेरचा, म्हणजे रस्त्यावरचा. आणि नायिकेची पंचाईत अशी की तिचा निकालच लागत नाही, ती एकापेक्षा जास्त गटांत बसते.

पुतणीने मोबाईलवर आम्हा सगळ्यांची परीक्षा घेतली. ती स्वतः निडर निघाली. मी निःस्वार्थी निघालो, त्यावर बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. असो.

रात्री पुतणी म्हणाली, "काका, असं खरंच कधी झालं तर?"

मी म्हणालो, "झालंय की. इथेच."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. माणसं उपजत कप्प्यांत वाटण्याची कल्पना तशी जुनीच. प्लेटोने सोनं, चांदी आणि लोखंड-पितळ अशी माणसं कल्पिली, हक्स्लीने १९३२ मध्ये बाटलीतच अल्फा, बीटा, गॅमा करून ठेवली. पण ती सगळी कागदावरची. आपल्याकडे मात्र याचा कायदा होता, रजिस्टर होतं, हजेरी होती.

१८७१ सालचा गुन्हेगार जमाती कायदा. सुरुवातीला पंजाब, वायव्य प्रांत आणि अवध इथे लागू झाला, १८७६ मध्ये बंगालात गेला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करता येऊ लागला. कायद्यामागचा विचार ऐकायला मोठा तर्कशुद्ध: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तर चोराचा मुलगा चोरच होणार. म्हणजे चोरी हा धंदा नव्हे, स्वभाव. आणि स्वभाव जातीचा. मग प्रत्येकाने काय केलं हे तपासत बसायचं कशाला? सरकारने अधिसूचना काढायची की अमुक जमात गुन्हेगार आहे. ती बरोबर की चूक हे विचारायला कोर्टात जाण्याची सोय नाही. त्या जमातीच्या माणसांनी येऊन नाव नोंदवायचं. १९११ नंतर बोटांचे ठसे. ठरल्या वेळी हजेरी. हद्दीबाहेर जायचं तर पास. १९२४ च्या सुधारित कायद्यात तर ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षं आणि तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळ्या पाण्याची. हे ज्याचं नाव त्या रजिस्टरमध्ये आहे त्याला. शेजारच्या पाटलाच्या पोराने तेच केलं तर त्याला साधा कायदा.

कादंबरीतल्या पोरांना निदान सोळाव्या वर्षी परीक्षा तरी होती. इथे जन्म झाला की निकाल लागला. १८९७ ची दुरुस्ती त्याच्याही पुढची: चार वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळं ठेवायची सोय. संगत तुटली की स्वभाव सुटेल, असा हिशोब. (स्वभाव रक्तातला असेल तर संगत तोडून काय होणार, आणि संगतीचा असेल तर जातीचं नाव रजिस्टरला कशाला? ही शंका घ्यायला कोणाला वेळ नसावा.)

१९०८ मध्ये मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर एक जाडजूड पुस्तक काढलं. ते वाचताना अंगावर काटा येतो, तो त्यातल्या शिव्यांमुळे नव्हे. शिव्या नाहीतच. व्यवस्थित, पद्धतशीर पुस्तक आहे. पारधी, रामोशी, बेरड, कैकाडी, भामटे, मांग गारुडी... प्रत्येकाला एक प्रकरण आणि प्रत्येक प्रकरणात तीच शीर्षकं. कुठे राहतात, दिसतात कसे, नेसतात काय, बोलतात कसे, वेषांतर कोणतं करतात, कोणत्या गुन्ह्याचं 'व्यसन' आहे, चोरीचा माल कुठे लपवतात. पक्ष्यांच्या पुस्तकात घरटं कुठे बांधतो आणि अंडी किती घालतो हे दिलेलं असतं ना, तसं.

यातले रामोशी म्हणजे गावोगावचे राखणदार. किल्ल्यांची, गावांची राखण त्यांच्याकडे, आणि त्याबद्दल वतनं. राज्य बदललं, वतनं गेली आणि उमाजी नाईकांनी बंड केलं. ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिलं. ज्यांच्या भरवशावर गाव झोपत होतं त्यांचं नाव पाऊणशे वर्षांनी त्या पुस्तकात.

मग वसाहती आल्या, 'सेटलमेंट'. तारेचं कुंपण, फाटक, हजेरी. मुंबई इलाख्यात या खात्याचा कारभार स्टार्ट नावाचे अधिकारी पाहत. सोलापूरची वसाहत मोठी. तिथली माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि पुन्हा कुंपणात यायची. तिचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. आपल्या नगरला १८३१ पासून शाळा काढणारं तेच हे मिशन. सोलापुरात त्या भागाचं नाव अजून 'सेटलमेंट'च आहे. कुंपण गेलं, पत्ता राहिला.

पुतणी म्हणाली, "म्हणजे फक्त वाईट गट केले? चांगले नाही?"

केले ना. लष्करात केले. १८८५ ते १८९३ लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होते, आणि त्यांच्या काळात 'लढाऊ जाती' हे प्रकरण फोफावलं. शौर्य ठरावीक जातींच्या रक्तात असतं, बाकीचे शांततेत राहून मऊ पडले. नगरहून पुण्याला जाताना शिक्रापूर, कोरेगाव मागे टाकून भीमेचा पूल ओलांडला की रस्त्याला लागून विजयस्तंभ दिसतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावं त्यावर आहेत, त्यात 'नाक' शेवटी असलेली महार शिपायांची नावं कितीतरी. ते नाव कोरून ठेवणाऱ्यांच्याच वारसांनी १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद केली. कोकणातले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते; पुढच्या पिढीला ते दार बंद. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा युद्ध, पुन्हा गरज, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट. आता रक्त तर तेच होतं. त्यातलं शौर्य गरजेप्रमाणे येत-जात होतं म्हणायचं का?

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला. भटके-विमुक्त लोक तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती १४ आहेत. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केलाच. आणि रजिस्टर बंद झालं तरी शब्द राहतात. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आत्मकथन लिहिलं, त्याचं नाव 'उचल्या'. लोकांनी जमातीला दिलेला शब्दच पुस्तकाला नाव म्हणून दिला. अगदी अलीकडचं सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांमधल्या जातीभेदावर निकाल दिला, तेव्हा राज्याराज्यांच्या नियमावल्या उघड्या पडल्या. पश्चिम बंगालच्या नियमावलीत रात्रीच्या पहाऱ्यावर कोणता कैदी नेमावा याचा नियम होता: पळून जाण्याची नैसर्गिक ओढ असलेल्या वर्गातला नसावा, उदाहरणार्थ भटक्या जमातींतला. नैसर्गिक ओढ! कायदा जाऊन ७२ वर्षं झाली होती.

इथपर्यंत पुतणीला सांगून झालं आणि ती म्हणाली, "हे सगळं इंग्रजांनी केलं."

आता ते जुनं. नातेवाईकांपैकी जे वाचत असतील त्यांना हा प्रसंग ठाऊक आहे, आणि काहींना तो इथे आलेला आवडणार नाही.

मी चौथीत होतो. तेव्हा नागापुरात एवढी वस्ती नव्हती. सीनेच्या काठाला सुगीनंतर पारध्यांची पालं पडायची. बाया भाकरी मागायला यायच्या, आजी द्यायचीही. तशी ती हात आखडणारी नव्हती. पण त्या आल्या की मागचं दार लावायची, आणि गेल्या की भांडी मोजायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणायची, तशी भांडी मोजायची.

एक दिवस मोठं पितळी पातेलं सापडेना. घर शोधून झालं. आजी म्हणाली, "दुसरं कोण नेणार?" शेजारपाजारची चार माणसं जमली. त्यातल्या एकाने मला विचारलं, "काल कोणी आलं होतं का रे?" मी म्हणालो, "हो, एक पारधीण आली होती." खोटं नव्हतं. आली होती. पण ती पुढच्या दारात उभी होती, भाकरी घेतली आणि गेली, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चार माणसं आपलं ऐकताहेत याचाच मला आनंद झाला होता.

माणसं पालावर गेली. आम्ही पोरं मागून पळत गेलो. गाठोडी उपसली, चूल लाथाडली. ती बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. तिने मला ओळखलं असावं, कारण ती माझ्याकडेच बघत होती. पातेलं मिळालं नाही, त्यावर "विकलं असेल" असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पालं उठलेली होती. तीन दगड आणि राख.

महिन्याभराने कल्हईवाला दारात आला. पाठीवरच्या ओझ्यातून त्याने आमचं पातेलं काढलं. त्याचं पोर आजारी पडलं होतं म्हणून उशीर झाला, म्हणाला. आजीनेच दिलं होतं त्याच्याकडे, आणि विसरली होती. आजी काही बोलली नाही. कल्हई चांगली झाली आहे का ते तिने आत बोट फिरवून पाहिलं आणि त्याचे पैसे दिले. आमच्या घरात १९०८ चं ते पुस्तक कोणी पाहिलेलं नव्हतं.

पुतणीने विचारलं, "मग त्या लोकांना कोणी सांगितलं का, की सापडलं म्हणून?"

नाही. कुठे गेले ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि शोधायला कोण जाणार होतं. मी नंतर तिथे खेळायला जायचो तेव्हा त्या तीन दगडांना वळसा घालून जायचो, एवढंच.

"कुठलं पातेलं?" तिने विचारलं.

तुमच्याकडेच आहे, मी सांगितलं. आजीनंतर वाटणीत तुझ्या बाबाला गेलं. दिवाळीत चिवड्याला काढता ते.