टंकनदोष (नाणी)

टंकनदोष म्हणजे नाणे पाडण्याच्या प्रक्रियेत निर्माण झालेला आणि तपासणीतून निसटून नाण्यासह टांकसाळीबाहेर आलेला दोष होय. चलनात आल्यानंतरची झीज, ठोके अथवा हेतुपुरस्सर केलेले फेरफार यांचा त्यात समावेश होत नाही. नाण्याचे संग्रहमूल्य प्रामुख्याने याच भेदावर ठरते.

पार्श्वभूमी

यंत्रयुगापूर्वी नाणी हाताने पाडली जात. नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांवर ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने लेखाचा काही भागच उमटे. त्यामुळे सीताबर्डीच्या लढाईच्या (१८१७) काळातील अशा नाण्यावरचा अपुरा छाप हा दोष नसून त्या पद्धतीचे लक्षण आहे. दोष ही संकल्पना यंत्राने एकसारखी नाणी पाडली जाऊ लागल्यावरच अर्थपूर्ण ठरली. आज मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथील शासकीय टांकसाळींत नाणी पाडली जातात.

प्रकार

चकतीचे दोष: पत्र्याच्या कडेवर कापल्याने चकतीचा तुकडा कमी असणे, किंवा दुसऱ्या मूल्याच्या चकतीवर छाप पडणे. द्विधातू १० रुपयांच्या नाण्यात मधली चकती सरकलेली असणे.

ठशाचे दोष: तडा गेलेल्या ठशामुळे उमटणारी उंच रेघ, ठशात मळ साचल्याने अक्षर वा अंक न उमटणे.

छापाचे दोष: छाप केंद्रापासून सरकणे, दुहेरी पडणे, अथवा दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत फिरलेल्या असणे. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढील नाण्याच्या एका बाजूस तोच छाप उलटा व खोलगट उमटतो. संग्राहक अशा नाण्यास ‘लाखी’ म्हणतात.

ओळख

प्रथम वजन व व्यास प्रमाणित मापांशी ताडून पाहतात. उदाहरणार्थ, २०११ च्या मालिकेतील १ रुपयाचे नाणे २२ मिलिमीटर व ३.७९ ग्रॅमचे, तर २ रुपयांचे २५ मिलिमीटर व ४.८५ ग्रॅमचे आहे. ही नाणी पोलादी असल्याने लोहचुंबकास चिकटतात. भिंगाखाली कानशीचे ओरखडे, सांधा किंवा चपटे झालेले काठ दिसल्यास फेरफार संभवतो. दोन्ही बाजूंस ‘छापा’ असलेले नाणे बहुधा दोन नाणी कापून जोडलेले असते. शिकंज्यात दुसरे नाणे दाबूनही उलटा छाप उमटवता येतो, परंतु त्यात मूळ छाप चेपलेला आढळतो.

टांकसाळीची खूण नसणे हा दोष नव्हे, कारण कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. मुंबईच्या नाण्यांवर सामान्यतः चौकट, हैदराबादच्या नाण्यांवर तारा व नोएडाच्या नाण्यांवर टिंब असते.

संग्रहमूल्य

दोषाची ठळकता, दुर्मिळता, नाण्याची स्थिती आणि अस्सलपणाची खात्री यांवर किंमत अवलंबून असते. किंचित सरकलेला छाप किंवा बारीक रेघ असलेली नाणी विपुल असल्याने त्यांना दर्शनी मूल्याहून फारसे अधिक मिळत नाही. पूर्ण ‘लाखी’ किंवा चुकीच्या चकतीवरील नाणी तुलनेने दुर्मिळ असतात. नाणे घासून उजळवल्यास त्याचे मूल्य घटते. विक्रेत्याने सांगितलेली किंमत व लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत मोठी तफावत असू शकते.

कायदा व फसवणूक

नाणेनिर्मिती अधिनियम, २०११ नुसार विद्रूप केलेले अथवा विहित मर्यादेपेक्षा वजन घटलेले नाणे वैध चलन राहत नाही. नाणी वितळवणे वा नष्ट करणे यासही मनाई आहे. जुनी व दोषयुक्त नाणी लाखो रुपयांना घेण्याचे आमिष दाखवून ‘नोंदणी शुल्क’ वा ‘कर’ उकळण्याचे प्रकार घडतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले की, ती अशा व्यवहारांत सहभागी नसते, त्यांसाठी शुल्क वा दलाली मागत नाही आणि कोणासही तसा अधिकार दिलेला नाही.

अभ्यासाची साधने

नाशिकजवळील अंजनेरी येथे भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. नागपुरात १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात (‘अजब बंगला’) जुन्या नाण्यांचा संग्रह असून, हाताने पाडलेली व यंत्राने पाडलेली नाणी यांतील फरक समजून घेण्यास तो उपयुक्त आहे.