घर्षणाची धग सोसणारी दोरी

पुणे-लोणावळा लोकलने शनिवारी-रविवारी सकाळी कान्हे, कामशेत, मळवली या स्थानकांवर उतरणाऱ्यांच्या पाठीवर दोराची वेटोळी हमखास दिसतात. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुकमार्गे आंदर मावळात शिरणारे, कामशेतहून जांभवलीकडे ढाक बहिरीच्या वाटेला लागणारे आणि लोणावळ्याजवळ कुरवंडे गावातून नागफणीच्या कड्यावर जाणारे असे तिन्ही प्रकारचे भटके त्यांत असतात. मुख्य दोर विकत घेताना ही मंडळी चार ठिकाणी चौकशी करतात. मात्र त्या दोरावर गुंडाळावयाची दीड मीटर लांबीची बारीक दोरी पुष्कळदा मिळेल तिथून घेतली जाते. वास्तविक हात सुटला, दगड लागला किंवा भोवळ आली, तर माणसाला धरून ठेवण्याचे काम याच दोरीकडे असते.

या दोरीने मारल्या जाणाऱ्या गाठीला घर्षणगाठ म्हणतात. ऑस्ट्रियन गिर्यारोहक डॉ. कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रुसिक गाठ ही त्यातील सर्वांत परिचित. बारीक दोरीचा फास मुख्य दोराभोवती दोन-तीन वेढे देऊन घेतला, की भार पडताच ती आवळते आणि भार काढताच मोकळी होऊन सरकते. प्रस्तरारोहण, गुहासंशोधन, बचावकार्य, वृक्षारोहण या सर्वांत तीच युक्ती निरनिराळ्या रूपांत वापरली जाते. अमेरिकेत झाडाच्या खोडाला खोगिरासारखा पट्टा बांधून त्यात बसून हरणांची शिकार करण्याचा प्रकार आहे. तेथेही शिकारी याच गाठीने आपली उंची कमी-अधिक करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी असल्याने त्या उपयोगाचा येथे प्रश्न नाही. पण त्या बाजारासाठी बनलेल्या दोऱ्या आता भारतातही मागविता येतात, म्हणून एक फरक ध्यानात ठेवलेला बरा. शिकारी तासन् तास एका जागी बसून राहतो, तर कड्यावरून उतरणारा सतत खाली सरकत असतो. एका जागी बसणाऱ्याची दोरी तापत नाही. उतरणाऱ्याची तापते.

ती किती तापते, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. सत्तर किलो वजनाचा मनुष्य तीस मीटर खाली आला, की सुमारे वीस हजार जूल इतकी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पाव कप पाणी उकळीला आणण्यास ती पुरेशी आहे. उतरण्याचे धातूचे साधन वापरले असल्यास यातील बरीच उष्णता धातू शोषून घेतो आणि उरलेली दोराच्या लांबीवर पसरते. परंतु सारा भार घर्षणगाठीवरच टाकून कुणी भरभर खाली आला, तर त्या उष्णतेचा मोठा वाटा काही ग्रॅम वजनाच्या दोरीला सोसावा लागतो.

येथे धाग्याची जात महत्त्वाची ठरते. डायनिमा या नावाने ओळखला जाणारा अतिबळकट पॉलिएथिलीनचा धागा सुमारे १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतो. शिवाय तो गुळगुळीत असल्याने गाठ नीट धरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात सामान बांधण्यासाठी मिळणारी पॉलिप्रॉपिलीनची रंगीत दोरी १६५ अंशांच्या आसपास वितळते. ती अंगावर घेण्याची वस्तूच नव्हे. नायलॉन प्रकारानुसार २२० ते २६० अंशांना आणि पॉलिस्टर २६० अंशांच्या जवळपास वितळते. मात्र दोन्ही धागे त्याच्या बरेच आधी मऊ पडू लागतात. चालत्या नायलॉनखाली नायलॉनचा स्थिर पट्टा सापडला, तर तो बघता बघता कापला जातो, हे गिर्यारोहणाच्या प्राथमिक शिबिरातही शिकविले जाते.

अ‍ॅरामिड वर्गातील धागे, म्हणजे केव्हलार, टेक्नोरा वगैरे, वितळतच नाहीत. चारशे अंशांच्या पुढे गेल्यावर ते करपतात व विघटित होतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण त्यांना बरीच लागू पडते. नायलॉनचा मात्र पीळ आधी जातो. तथापि अ‍ॅरामिड म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. हा धागा वारंवार एकाच जागी वाकविल्यास आतल्या आत तुटत जातो, उन्हाने कमजोर होतो आणि गाठ मारल्यावर त्याची ताकद नायलॉनपेक्षा अधिक प्रमाणात घटते. याच कारणाने आवरणात अ‍ॅरामिड आणि गाभ्यात नायलॉन किंवा पॉलिस्टर अशा मिश्र दोऱ्या घर्षणगाठीसाठी अधिक समाधानकारक ठरतात. धग आवरण सोसते, भार गाभा सोसतो.

जाडीच्या बाबतीत साहाय्यक दोरी मुख्य दोरापेक्षा दोन ते चार मिलिमीटरने बारीक असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. दहा-अकरा मिलिमीटरच्या दोरावर सहा ते आठ मिलिमीटरची दोरी चालते. फार बारीक घेतली तर गाठ अशी आवळते की सोडविताना नखे दुखतात. फार जाड घेतली तर ती धरतच नाही. ईएन ५६४ या युरोपीय मानकानुसार सहा मिलिमीटर दोरीने किमान ७.२ किलोन्यूटन, सात मिलिमीटरने ९.८ आणि आठ मिलिमीटरने १२.८ किलोन्यूटन भार सोसला पाहिजे. ९.८ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक हजार किलो. हे आकडे बिनगाठीच्या दोरीचे असतात, हे दुकानदार क्वचितच सांगतो.

दोरी घरी आणल्यावर तिची सिद्धता करण्याचे काम सुरू होते. नायलॉनची नवी दोरी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळविल्यास ती किंचित आखडते आणि आवरण गाभ्यावर घट्ट बसते. मापाने कापणे त्यानंतरच करावे. आधी कापल्यास फास आखूड पडतो. जेथे कापावयाचे तेथे चिकटपट्टीचे दोन-तीन घट्ट वेढे देऊन बरोबर मध्यावर धारदार पाते चालवावे. नायलॉन वा पॉलिस्टरचे टोक ज्योतीवर धरून आवरण व गाभा एकजीव करता येतो. वितळलेले टोक बोटाने दाबण्याचा मोह टाळावा, कारण तो थेंब कातडीला चिकटून खोल भाजतो. टोकाला कडक, टोचरी कड राहिल्यास ती घासून गुळगुळीत करावी.

अ‍ॅरामिडच्या टोकाला ही युक्ती लागू पडत नाही. ते काळे पडते, पण जुळत नाही आणि काही वापरानंतर आवरण मागे सरकून गाभा उघडा पडतो. येथे जुन्या खलाशांची पद्धत उपयोगी पडते. मेण लावलेल्या जाड दोऱ्याने टोकाभोवती घट्ट वेढे घ्यावेत, वेढ्यांची लांबी दोरीच्या जाडीच्या निदान दीडपट असावी आणि सुईने तो दोरा आरपार दोन-तीनदा ओवून घ्यावा. त्यावर उष्णतेने आखडणारी नळी चढविता येते. ती पारदर्शक असावी, म्हणजे आतील शिवण दिसत राहते. ही शिवण केवळ टोक राखण्यासाठी आहे. भार घेणारा फास घरी शिवून तयार करण्याचे धाडस कुणीही करू नये; तसा हवा असल्यास कारखान्यात शिवलेला, चाचणी झालेलाच घ्यावा.

गाठ मारून फास करावयाचा असल्यास नायलॉनसाठी दुहेरी फिशरमन गाठ आणि अ‍ॅरामिडसारख्या निसरड्या, ताठ दोरीसाठी तिहेरी गाठ वापरतात. सहा मिलिमीटरच्या दोरीची टोके गाठीबाहेर सहा-सात सेंटीमीटर तरी राहू द्यावीत. जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून, अंगाचा पूर्ण भार देऊन गाठ बसवावी आणि तेथेच ती धरते का, सुटते का, हे पाहावे. मावळात ही तपासणी पावसाळ्यात पुन्हा करावी लागते. भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या दोरावर उन्हाळ्यात नीट धरणारी गाठ घसरू शकते. एक वेढा वाढविला की बहुधा काम भागते.

महागडी दोरी घेण्यापूर्वी मांडणीकडे पाहणे शहाणपणाचे आहे. घर्षणगाठ उतरण्याच्या साधनाच्या खाली, पट्ट्याला जोडून ठेवली, तर बहुतेक भार साधन घेते आणि गाठीला थोडाच भार पुरतो. मग साधे नायलॉनही चांगले टिकते. फास इतका आखूड मात्र हवा, की गाठ साधनाला टेकता कामा नये, नाहीतर ती आवळतच नाही. दुसरा धोका माणसाच्या स्वभावातला आहे. घाबरलेला मनुष्य हातात असेल ते घट्ट पकडतो. मुठीत पकडलेली गाठ आवळत नाही, ती त्याच्याबरोबर खाली येते आणि त्या वेगात जळते. म्हणून हात गाठीवर अलगद ठेवून ती पुढे ढकलण्याची सवय सरावातच लावून घ्यावी लागते.

नायलॉनची दोरी जळू लागल्याची खूण डोळ्यांना दिसते. पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते, बोटांना तो भाग कडक लागतो आणि गाठ पूर्वीसारखी धरत नाही. अशी दोरी त्याच दिवशी बाद करावी. अ‍ॅरामिड चकाकत नाही, त्याला फक्त लव सुटते. आतील तुटलेले धागे बाहेरून कळत नाहीत. त्यामुळे वापर सुरू केल्याची तारीख टोकाच्या पट्टीवर लिहून ठेवावी आणि उत्पादकाने दिलेली मुदत संपताच, दोरी कितीही धडधाकट दिसली तरी, ती काढून टाकावी. काढताना तिचे वीतभर लांबीचे तुकडे करावेत. अखंड ठेवलेली जुनी दोरी संस्थेच्या सामानात पडून राहते आणि पुढच्या मोहिमेत कुणातरी नवख्याच्या हाती लागते.