सूक्ष्मप्लास्टिक मापन (खाद्यपात्रांतील)

पार्सलचा डबा, चहाचा कागदी पेला, चहाची पुडी अशा एकदा वापरून फेकायच्या वस्तूंतून खाण्यापिण्यात उतरणाऱ्या प्लास्टिककणांची मोजणी. ५ मिलिमीटरपेक्षा लहान कण ते सूक्ष्मप्लास्टिक, आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान ते नॅनोप्लास्टिक. ‘मायक्रोप्लास्टिक’ ही संज्ञा रूढ झाली ती रिचर्ड टॉम्पसन व सहकाऱ्यांच्या २००४ मधील निबंधामुळे. तो मात्र समुद्राविषयी होता; खाण्याच्या डब्याकडे संशोधकांचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले.

भारतातले ठळक उदाहरण खरगपूरच्या आयआयटीचे. सुधा गोयल व सहकाऱ्यांनी कागदी पेल्यात ८५–९० अंश सेल्सिअसचे १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटे ठेवले. त्यात सुमारे २५,००० कण सापडले. पेला नावाला कागदी. आत पाणी झिरपू नये म्हणून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि कण सुटतात ते त्याचेच. प्रयोगात चहा न घेता पाणी घेण्याला कारण आहे. दुधातले स्निग्धांश गाळणीत अडकतात, शिवाय प्लास्टिक उजळून दाखवणारा ‘नाइल रेड’ हा रंग तुपातेलालाही तितक्याच आवडीने चिकटतो.

आकडे मात्र कमालीचे विसंगत दिसतात. चीनमधील पार्सलच्या डब्यांवरील २०२० च्या अभ्यासात दर डब्यामागे ३ ते २९ कण निघाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या पेल्यांतील उकळत्या पाण्यात लिटरमागे लाख कोटींहून अधिक कण नोंदवले. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण रव्याच्या चाळणीत मैदा थांबत नाही. अमेरिकन मोजणीतले बहुतेक कण ३० ते ८० नॅनोमीटरचे होते. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसणारच नाहीत.

दिसलेला कण प्लास्टिकचाच, हे ठरवणे ही खरी कसोटी. अवरक्त वर्णपटमापन साधारण १०–२० मायक्रोमीटरपर्यंत कामी येते, रामन वर्णपटमापन १ मायक्रोमीटरपर्यंत. त्याखाली वादाला जागा उरते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाने २०१९ मध्ये प्लास्टिकच्या एका चहापुडीतून ११.६ अब्ज सूक्ष्मकण सुटल्याचे सांगितले, तेव्हा जर्मन संशोधकांनी शंका काढली : पाण्यात विरघळलेले लघुरेणू सुकताना स्फटिक होऊन कण म्हणून मोजले गेले असावेत.

प्रयोगशाळेची हवाही निर्दोष नसते. पॉलिएस्टरच्या कपड्यांचे तंतू नमुन्यात पडतात. म्हणून सुती कोट, गाळलेले पाणी आणि डब्याविनाच केलेली ‘कोरी चाचणी’ आवश्यक ठरते. तिच्यात सापडलेले कण मूळ आकड्यातून वजा करतात. कण न मोजता ते तापवून, विघटित वायूंवरून प्लास्टिकचे वजन काढण्याचीही पद्धत आहे. तिच्यात कणांची संख्या व आकार कळत नाहीत.