तळटीप : गॅझेटिअरमधले परळ

१. ‘गॅझेटिअर’ हा उल्लेख एस. एम. एडवर्ड्स यांनी सिद्ध केलेल्या मुंबई शहर व बेटाच्या तीन खंडांचा (१९०९-१०). त्याआधी जेम्स कॅम्बेल यांनी जमवलेली साधने १८९३-९४ मध्ये छापली गेली होती. गव्हर्नरांच्या परळच्या जुन्या बंगल्यात हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ मध्येच आली होती. परंतु परळचा सर्वांत मोलाचा ठेवा या खंडांत असणे शक्यच नव्हते. सात आकृत्यांचे, सुमारे साडेतीन मीटर उंचीचे शिवशिल्प रस्त्याच्या कामात सापडले ते १९३१ मध्ये. अभ्यासक ते पाचव्या-सहाव्या शतकातले मानतात. बारादेवीच्या देवळात ते आजही पूजेत आहे. तेव्हा ‘गिरण्यांपूर्वी परळ म्हणजे नुसती वाडी’ हे लेखकाचे विधान मान्य करता येत नाही. गॅझेटिअर हे राज्यकारभारासाठी केलेले काम. मुंबईकरांच्या रोजच्या जगण्याकरिता गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) शेजारी ठेवावेच. ते या खंडांच्या जवळजवळ अर्धशतक आधीचे आहे, आणि मराठीत आहे. – संपा.